महिलांच्या रॅल्या खूप झाल्या, आता रेस घेऊ या का? (मराठवाडा, रोड सायकलिंग)

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

८ मार्च जवळ आला की आमच्याकडे महिला सायकल रॅलीचे मेसेज फिरायला लागतात, जालना बीड लातूरच्या मैत्रिणींकडूनही तसेच फोटो येतात. पाच किलोमीटर, एकसारख्या टोप्या, क्रांती चौकातून निघायचं, परत यायचं, पोहे, फोटो. मी दरवर्षी जाते आणि पुढेही जाणार, कारण जिने लग्नानंतर सायकलला हात लावलेला नाही ती बाई त्या दिवशी तरी सीटवर बसते. पण ९ मार्चला काय? ९ मार्चला ती सायकल परत जिन्याखाली जाते. आणि मला आता ठाम वाटायला लागलंय की ती जिन्याखाली जाते कारण आपण बायकांना फक्त फेरी मारायला बोलावतो, ती फेरी किती वेळात मारली हे कुणी विचारतच नाही.

मी स्वतः पस्तिशीनंतर सुरू केलं. बँकेत नोकरी, दोन मुलं, सासूबाई घरात, म्हणजे बहुतेकींचं असतं तसंच. वजन कमी करायचं म्हणून गियरची सायकल घेतली आणि सकाळी छावणीतून दौलताबादकडे जायला लागले, कधी गेले कधी नाही असंच बरेच दिवस चाललं. मग एका ग्रुपने टाइम ट्रायल ठेवली. म्हणजे एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडायचं, ठरलेल्या खुणेवर वळायचं, परत यायचं, घड्याळ बघायचं, बस. कुणाच्या मागे लपायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. घरी येताना डोक्यात एकच, वळणावर अजून दहा सेकंद वाचवता येतील. त्या दिवसापासून मला सकाळी उठायला कुणी सांगावं लागलं नाही. वजनाचा विषय कुठल्या कुठे गेला.

नंतर एका ठिकाणी रोड रेसला नाव द्यायला गेले तर फॉर्मवर पुरुष खुला गट, पुरुष चाळिशीपुढचे, शाळकरी मुलं आणि शेवटी 'महिला व हौशी, फन राइड'. फोन केला तर तिकडचे गृहस्थ अगदी आदराने म्हणाले, ताई महिला येतच नाहीत हो, दोघीजणी आल्या तर गट कशाला करायचा. गट नाही म्हणून बाया येत नाहीत आणि बाया येत नाहीत म्हणून गट नाही. हे कुठूनतरी तोडायला पाहिजे म्हणून हा धागा काढलाय.

आता 'आमचं वय गेलं' म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बायकांची रोड रेस, १५८ किलोमीटरची, अमेरिकेच्या क्रिस्टन फॉकनरने जिंकली. ही आधी कॉलेजात रोइंग करायची, मग न्यूयॉर्कला गुंतवणुकीच्या कंपनीत नोकरी, आणि तिथे सेंट्रल पार्कात नवशिक्या बायकांना रोड सायकल शिकवायचा एक छोटा वर्ग चालायचा, त्यात ती चोविशीत पहिल्यांदा रोड सायकलवर बसली. नोकरी सोडली २०२१ मध्ये. शेवटच्या तीन किलोमीटरला अटॅक मारून, म्हणजे एकदम वेग वाढवून, नावाजलेल्या रायडर्सना मागे टाकलं तिने. मी त्या मेडलइतकाच त्या वर्गाचा विचार करते, कुणीतरी सकाळी लवकर उठून चार अनोळखी बायकांना गियर कसा बदलायचा ते दाखवत होतं. आणि त्याआधी टोकियोत ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीसेनहोफर, गणितातली डॉक्टरेट, विद्यापीठात काम करणारी, कुठल्याच प्रो टीमशी करार नाही, १३७ किलोमीटरच्या रेसमध्ये पहिल्या क्षणाला पुढे निघाली ती पुढेच राहिली. मागच्यांना तर कळलंच नाही की पुढे कुणी आहे, नेदरलँड्सच्या व्हॅन व्ह्लूटेनने दुसऱ्या नंबरला रेषा ओलांडताना आपणच जिंकलो म्हणून हात वर केले.

बाहेरही हे सगळं सहज मिळालेलं नाहीये. पुरुषांची ऑलिंपिक रोड रेस १८९६ पासून आणि बायकांची थेट १९८४ ला. टाइम ट्रायल १९९६ ला आली. पॅरिसला पहिल्यांदा आपण पाहिलं की टाइम ट्रायलला दोघांनाही तोच रस्ता, तेच ३२.४ किलोमीटर. टूर द फ्रान्सची बायकांची आत्ताची रेस २०२२ ची. आपल्याकडे इचलकरंजीची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण या मुली राष्ट्रीय पातळीवर मेडल्स आणतात. तशी नावं आपल्या आठ जिल्ह्यांतूनही निघावीत असं मला मनापासून वाटतं आणि ती निघतील अशा मुली आहेत, मी रोज बघते. फुलंब्री रोडला एकदा समोरून वारा, मी माझ्या रोड सायकलवर पूर्ण वाकून चाललेय आणि शेजारून शाळेची पोरगी, पाठीवर दप्तर, मागे कॅरियरवर धाकटी बहीण, बिनगियरची जड सायकल, आणि ती फाट्यापर्यंत माझ्या बरोबरीने आली. वळताना हसली आणि गेली. तिला कुणी घड्याळ लावलंय का कधी?

माझं म्हणणं साधं आहे. रविवारी सकाळी १० किलोमीटरची टाइम ट्रायल, पाच जायचं पाच यायचं, कुठलीही सायकल चालेल, फक्त बाया आणि मुली, वेळ लिहून ठेवायची आणि महिन्याने परत. आपापल्या गावात करा, वेळा इथे टाका. कोण कोण आहे?

...

परभणीची_पीटी

ताई तुम्ही ज्या पोरीबद्दल लिहिलंय तशा माझ्या वर्गात अर्ध्या आहेत. मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या शाळेत खेळ शिकवते. त्या सायकली मानव विकास मिशनच्या, मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या ज्या मुली शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहतात त्यांना मिळतात. म्हणजे बघा, पोरगी रोज जाऊन येऊन आठ-दहा किलोमीटर करते, उन्हात, पावसात, चिखलात, पाच वर्षं. शहरातल्या लोकांनी पैसे देऊन जे ट्रेनिंग करावं ते हिचं शाळेला येता येताच होतं. आणि बारावी झाली की संपलं. एकतर कॉलेज एसटीने, नाहीतर लग्न. सायकल धाकट्या भावाकडे.

मी दोन वर्षांपासून शनिवारी शेवटच्या तासाला शाळेपासून कॅनॉलच्या पुलापर्यंत घड्याळ लावून सोडते. सुरुवातीला लाजायच्या, ओढणी सांभाळत चालवायच्या. आता स्वतःच ओढणी कमरेला बांधून येतात आणि मला विचारतात मॅडम मागच्या शनिवारी माझे किती होते. मला यात आश्चर्य एवढंच वाटलं की ज्या मुली कबड्डी खो-खोला कधी निवडल्या गेल्या नाहीत, बारीक, गप्प बसणाऱ्या, त्यातल्याच दोघी सगळ्यात पुढे असतात.

पालकांना सांगायचं तर मेडलबिडल नंतर, आधी हे सांगा: शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये सायकलिंग आहे. जिल्ह्याच्या पुढे खेळली तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळू शकतात, आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं ते नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. आमच्याकडं बापाला हे सांगितलं की तो खुर्ची ओढून बसतो. आधी म्हणत होता पोरीच्या जातीला रेस कशाला, मग विचारतो फॉर्म कुठं भरायचा.

...

चहाखारी

वाचतेय. परभणीच्या मॅडमना दंडवत. जालन्यातून मी आणि माझी जाऊ, दोघी आहोत. तिच्याकडे मुलाची सायकल आहे, चालेल ना?

...

बालाघाट (अंबाजोगाई)

विषय चांगला आहे पण मला बापाच्या बाजूने बोलू द्या. माझी मुलगी अकरावीला, तिला चालवायची आहे, मी नाही म्हणतोय आणि मला नाही म्हणायला आवडत नाहीये. आमच्याकडे दिवाळीनंतर पार मार्चपर्यंत उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, रात्रभर ओढून पहाटे ड्रायव्हर झोपेत असतो. रस्त्याच्या कडेला ऊस सांडलेला. तुमची पहाट म्हणजे त्यांची परतायची वेळ. सोयाबीन निघालं की अर्ध्या रस्त्यावर खळं. मांजरसुंब्याचा घाट तर विचारूच नका. आणि वाहनं सोडली तर माणसं. पहाटे पाचला एकटी मुलगी रस्त्यावर, तुम्ही सांगा मी काय समजायचं.

...

गोदाकाठ (नांदेड)

बालाघाट दादा, तुमची भीती खोटी नाही. मी नांदेडहून बीआरएम करतो (२०० किलोमीटर साडेतेरा तासांत असं ते असतं, रेस नाही ती), त्यामुळे आपले बरेच रस्ते अंधारात बघितलेत. जे आम्ही करतो ते सांगतो.

ऊस चालू असताना कारखान्याच्या रस्त्याला जायचंच नाही, दुसरी बाजू धरायची, ती थोडी खराब असली तरी. आणि पहाटे पाच नाही, उजाडल्यावर. हिवाळ्यात सात वाजता निघालं तरी ऊन लागत नाही, लवकर उठायची खरी गरज एप्रिल-मेला, तेव्हा नऊनंतर रस्त्यावर थांबूच नये, आपलं बेचाळीस-त्रेचाळीस तापमान चेष्टा नाही. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता चालू. भडक रंगाचं टीशर्ट. हेल्मेटला पर्याय नाही, रेसमध्ये तर त्याशिवाय सोडतच नाहीत. चौपदरी हायवेला डाव्या पट्ट्याच्या बाहेर जी कड असते ती बरी, पण तिथेच काच आणि बाभळीचे काटे पडलेले असतात, त्यामुळे जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप हे सोबत पाहिजेच आणि पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. हे मुलींना पहिल्या दिवशी शिकवा, गियर नंतर. समृद्धीवर मोकळा रस्ता दिसतो म्हणून कुणी मोहात पडू नका, तिथे सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही.

पहिल्या पावसात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आलेला असतो, रोड सायकलचं बारीक टायर त्यावर साबणासारखं सरकतं. तिथे ब्रेक मारायचा नाही, सरळ ठेवून हळू निघायचं.

माणसांचं म्हणाल तर एकटीने जायचं नाही, निदान पहिलं वर्ष. आणि स्ट्रावासारखं राइड नोंदवणारं अ‍ॅप वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन घराभोवतीचा भाग लपवा आणि राइड फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा, नाहीतर मुलगी रोज किती वाजता कुठल्या गल्लीतून निघते हे कुणालाही दिसतं. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं. ११२ नंबर फोनमध्ये पहिल्या ठिकाणी.

...

वेरूळवाट

गोदाकाठ, हे सगळं वेगळं काढून प्रत्येक ग्रुपवर टाकण्यासारखं आहे. एकच भर घालते. बालाघाट दादा, तुम्ही मुलीला नाही म्हणताय ते रस्त्यामुळे, मग रस्ता निवडा ना तुम्ही. तुम्हीच मोटारसायकलवर जाऊन पाच किलोमीटरचा तुकडा शोधा, जिथे ट्रॉली नाही, मोठा फाटा मध्ये येत नाही, गतिरोधक कमी. आणि त्या दिवशी वळणाच्या खुणेवर तुम्ही उभे राहा. आमच्याकडे एकीचे मोठे दीर असेच वळणावर उभे असतात हातात लाल फडकं घेऊन, आधी त्यांचाही विरोधच होता. आता पहाटे तेच तिला हाक मारतात.

...

लातूरची_सून

सकाळपासून वाचायलेय सगळं. मला एक विचारायचं होतं, कुणी हसू नका. रस्ता, ट्रॉली हे पुढचं झालं, आधी उंबरा. आमच्या घरात सून सायकलवर म्हणजे लोक काय म्हणतील, आणि ते चड्डीसारखे कपडे तर शक्यच नाही. मी पंजाबी ड्रेसवर चालवायलेय औसा रोडला, सासरे फिरायला जातात त्या वेळेत, त्यांच्या मागे मागे. दहा किलोमीटर होतात. पण बसायला त्रास होतो, खरंच सांगते, दोन-दोन दिवस. मला वाटलं हे आपल्यालाच होतंय म्हणून कुणाला बोलले नाही.

...

डॉ_मोगरा (बीड)

कुणीही हसणार नाही, उलट बरं झालं विचारलंत, कारण या एका त्रासापायी कितीतरी जणी सायकल सोडतात आणि कारण सांगत नाहीत. बसायच्या दोन हाडांवर वजन यायला पाहिजे, ते पुढच्या नाजूक भागावर येतंय. बायकांची ही हाडं साधारण पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे दुकानात सायकलबरोबर आलेली अरुंद सीट बसत नाही. मागे रुंद आणि मध्ये खाच असलेली सीट मिळते, ती घ्या. सीट सपाट ठेवा, नाक वर नको. उंची बघायची सोपी पद्धत, टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. फार मऊ गुबगुबीत कव्हर घेऊ नका, लांब पल्ल्याला तेच जास्त घासतं. पॅडवाली शॉर्ट मिळते ती सलवारीच्या किंवा ट्रॅकपँटच्या आत घाला, बाहेरून कळत नाही, फक्त तिच्या आत निकर घालायची नाही, शिवण घासते. राइड झाली की लगेच काढून धुवायची.

दुसरं, धाग्यात कुणी काढलं नाही म्हणून मी काढते. रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया निघालाय. चढाला दम लागला की आपण म्हणतो माझा स्टॅमिना नाही, पण हिमोग्लोबिन नऊ असेल तर बिचारीने कितीही ट्रेनिंग केलं तरी स्नायूंना ऑक्सिजन पोचणार कसा. रेसचा विचार करणाऱ्या प्रत्येकीने आधी सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. आणि पीटी मॅडम, तुमच्या त्या दोघी बारीक मुलींची तर नक्की करा.

पाळीत चालवावी का हे सगळ्या विचारतात. चालवता येते, त्रास असेल तर त्या दिवशी हळू किंवा सुट्टी, एवढंच. काळजी कशाची करायची तर पाळी बंद झाली तर. वजन कमी व्हावं म्हणून खाणं तोडायचं आणि वर सायकल मारायची असं केलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात. खाल्लंच पाहिजे. तासाच्या वरची राइड असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, एका केळ्यात साधारण २५ असतात. खजूर, चिक्की, गुळाची पोळी काहीही चालेल. उपाशीपोटी लांब जाऊ नका. चतुर्थीचा उपास असेल तर त्या दिवशी जोराची राइड ठेवू नका.

...

लातूरची_सून

डॉक्टर ताई खूप खूप आभार. सीट आजच बघायला सांगते यांना. चतुर्थीचं बरं सांगितलंत.

...

नवी_चेन (जालना)

मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला. मला खरंच रेस करायची आहे, स्टेटला ट्रायल द्यायची आहे. दोन प्रश्न. रोड सायकल कमीत कमी कितीची घ्यावी, कारण मुलांचे ग्रुप म्हणतात लाखाच्या खाली घेऊ नको. आणि एकटीने ट्रेनिंग काय करू? ग्रुपबरोबर गेले की ते चाळीसने निघून जातात आणि मी एकटीच मागे.

...

वेरूळवाट

नवी_चेन, तुझ्यासारखीसाठीच हा सगळा खटाटोप.

सायकल: लाखाची गरज नाही. अ‍ॅल्युमिनियमची साधी रोड सायकल तीस-पस्तीस हजारांच्या आसपास सुरू होते, सेकंड हँड शोधलीस तर चांगली मिळते कारण हौशी लोक दोन महिन्यांत विकायला काढतात. फ्रेमचा साइज बरोबर घे, हे सगळ्यात महत्त्वाचं, मोठी फ्रेम स्वस्त मिळाली तरी नको. कार्बन, हलकं चाक वगैरे नंतर. सपाटीवर तुझी बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, सायकलच्या वजनात नाही, आणि जालन्याच्या आसपास बराचसा सपाटच रस्ता आहे. कोपर वाकवून, पाठ खाली घेऊन, डोकं खांद्यांमध्ये आणून चालवायला शीक, फुकटात वेग मिळतो. ते अंगात मुरायला महिने लागतात, म्हणून आत्तापासून.

ग्रुप चाळीसने जातो ते एकमेकांच्या मागे लपून. पुढच्याच्या चाकामागे लागून गेलं की साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. मास स्टार्ट रेस, म्हणजे सगळे एकदम सुटतात ती, हीच असते, कोण किती लपला आणि कधी बाहेर पडला. तू मागे पडतेस ते पाय कमी म्हणून नाही, वळणानंतर किंवा गतिरोधकानंतर अंतर वाढतं आणि तिथे चाक सुटतं म्हणून. एका मैत्रिणीला घे, दोघीच जा, तिच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालवायचा सराव कर, नजर चाकावर नाही, तिच्या खांद्यावरून पुढे. एक मिनिट ती पुढे, एक मिनिट तू. आणि आपल्याकडे जून-जुलैला पश्चिमेचा वारा आडवा लागतो तेव्हा बरोबर मागे न राहता वाऱ्याच्या आडोशाला तिरकं राहायचं, बाहेरच्या रेसमध्ये अख्खे ग्रुप याच्यावर फुटतात. आपण तर वाऱ्याच्याच मुलखात राहतो, ते कौशल्य आपल्याकडे उपजत असायला पाहिजे. फक्त रिकाम्या रस्त्यावर.

ट्रेनिंग: आठवड्यात बहुतेक राइड अशा की बोलता येतंय, गाणं म्हणता येत नाही. मुलं यालाच वेळ वाया घालवणं म्हणतात, ऐकू नको, पाया यातूनच होतो. एक दिवस जोराचा, चार-पाच मिनिटं जोरात, तेवढंच हळू, असं चार-पाच वेळा. एक दिवस चढ. तुला जमलं तर रविवारी इकडे ये, खुलताबादहून म्हैसमाळ चढू, सकाळी लवकर म्हणजे दौलताबादच्या दरवाजात पर्यटकांच्या गाड्या अडकायच्या आत पलीकडे जाता येतं. पेडल मिनिटाला ऐंशी-नव्वद फिरले पाहिजेत, जड गियर दाबत बसू नको, गुडघे जातात. एक दिवस पूर्ण आराम, आणि आराम म्हणजे आराम.

ट्रायलसाठी जिल्हा सायकलिंग संघटनेत नाव नोंदव, वयाचा दाखला, आधार, फोटो लागतात. ट्रायलला साधारण टाइम ट्रायल आणि मास स्टार्ट दोन्ही असतात. टाइम ट्रायलमध्ये पुढचीला गाठलंस तर तिच्या मागे राहायचं नाही, बाजूने दोन मीटर अंतर ठेवून पुढे जायचं, नाहीतर दंड बसतो.

...

नवी_चेन

ताई मी हे वहीत उतरवून घेतलंय. रविवारी येते, पहिल्या एसटीने, सायकल टपावर टाकतात का विचारते.

...

रॅली_संयोजक

मी तुम्ही वर लिहिलेल्या रॅल्यांपैकीच एक भरवतो, गावाचं नाव घेत नाही. वाचून आधी वाईट वाटलं मग पटलं. आमच्याकडे चारशे-पाचशे बाया येतात, पोलीस परवानगी, अँब्युलन्स, रस्ता बंद, सगळं असतं. तेच सगळं असताना रॅलीच्या आधी सकाळी अर्धा-पाऊण तास त्याच रस्त्यावर तुमची रेस घेता येईल, वेगळी परवानगी काढायची गरज नाही, त्याच अर्जात लिहायचं. बक्षीस काय ठेवावं? आम्ही आजवर लकी ड्रॉत मिक्सर, कुकर असंच दिलंय.

...

परभणीची_पीटी

दादा, मिक्सर नको. टायर द्या, हेल्मेट द्या, पंप द्या. रोख दिलं तर मुलीच्या नावाच्या खात्यात. आणि रॅलीला आलेल्या बाया कडेला उभ्या राहून बघतील ना, हे फार मोठं आहे. आपल्याकडे बाईने बाईला जोरात सायकल मारताना बघितलेलंच नाही.

...

वेरूळवाट

संयोजक दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याने धाग्याचं काम झालं. फक्त एक विनंती, गट दोन तरी करा, गियरच्या सायकली वेगळ्या आणि साध्या वेगळ्या, आणि साध्यांचं बक्षीस कमी नको. एक चाळिशीपुढचा गट झाला तर मीच पहिलं नाव देते. आणि निकाल सगळ्यांचा लावा, पहिल्या तिघींचाच नको. शेवटून दुसऱ्या आलेल्या बाईला पण आपली वेळ कळली पाहिजे, पुढच्या वर्षी ती तेवढ्यासाठी येते.

...

बालाघाट

काल मुलीला मागे बसवून रस्ता बघून आलो. साडेपाच किलोमीटरचा तुकडा सापडला, कारखान्याच्या उलट दिशेला, मध्ये एकच गतिरोधक, त्याला पांढरा पट्टा नाही, तो मी चुन्याने मारून घेतो. जाताना चढ आहे आणि वाराही समोरून. येताना सगळं भरून निघेल ना? म्हणजे इतर गावांच्या वेळेशी तुलना होईल का?

...

गोदाकाठ

पूर्ण भरून निघत नाही दादा. चढाला आणि समोरच्या वाऱ्याला जास्त वेळ जातो, उताराला तेवढा परत मिळत नाही. त्यामुळे अंबाजोगाईची वेळ नांदेडच्या विष्णुपुरी रोडशी लावू नका, आपल्याच मागच्या वेळेशी लावा. वेळेबरोबर वारा होता की नाही तेवढं लिहा. अंतर मात्र सगळीकडे दहाच ठेवा, तुमचा अर्धा किलोमीटर सोडून द्या.

...

लातूरची_सून

सासऱ्यांना विचारलं. म्हणाले घड्याळ मी धरतो. आमच्याकडून तिघी आहोत, एकीची सायकल भावाची, उंच आहे, डॉक्टर ताईंनी सांगितल्याप्रमाणे सीट खाली करून बघू.

...

परभणीची_पीटी

माझ्या मुली अठराच्या आतल्या आहेत त्यामुळे पालकांचं लेखी संमतीपत्र घेतेय, बाकीच्यांनीही शाळकरी मुली आणल्या तर घ्या. पोलीस ठाण्यातही साधं पत्र देऊन ठेवा, मोजक्याच जणी आहोत तरी. वेरूळवाट ताई, नंबर कशावर लिहायचे? कागद घामाने फाटतो.

...

वेरूळवाट

पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या काढा, मार्करने मोठे आकडे, चार सेफ्टीपिना, पाठीला खाली कमरेपाशी लावायचे म्हणजे वाकल्यावर दिसतात. दोन घड्याळं ठेवा, एक बंद पडलं तर. सुटायची वेळ आणि पोचायची वेळ वेगवेगळ्या माणसांनी वहीत लिहायची, वजाबाकी नंतर. संभाजीनगरची यादी माझ्याकडे, जालन्याच्या तिघी इकडेच येतायत, बाकी गावांनी शुक्रवारपर्यंत नावं आणि रस्ता इथेच टाका.